लवकर करा ना जी!

या आठवड्यात व्हॉट्सअॅपवर डॉक्टरांसाठी एक पत्रक फिरत होतं. कामाचा ताण आला की खोल श्वास घ्या, छंद जोपासा, आणि 'नाही' म्हणायला शिका. हे लिहिणारा पांढुर्ण्याला गोटमारीच्या दिवशी दवाखान्याच्या तंबूत बसलेला नसावा.

नव्या वाचकांपुरतं सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा. एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव, मधून एकमेकांवर गोटे. शेकडो जखमी होतात, कधी जीवही जातो. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले, चालले नाहीत. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. गोटमार होती तशीच आहे.

माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांची सौंसरहून तिथे ड्युटी लागते. भुवई फुटलेला पोरगा समोर बसतो, सुन्न करायची सुई लागू पडेपर्यंतही त्याला दम नसतो. "लवकर करा ना जी, झेंडा तुटून राह्यला तिकडं!" टाके घालून सोडला की तासाभरात दुसरी भुवई घेऊन तोच हजर. डोक्याला जबर मार असला की गाडी थेट नागपूरला, तेव्हा मात्र तंबूत कोणी हसत नाही.

आणि हे डॉक्टर म्हणतात, वर्षातला सगळ्यात बिनघोर दिवस हाच! का, तर त्या दिवशी 'असं कसं झालं' म्हणून डॉक्टरची कॉलर कोणी धरत नाही. गोटा कोणी मारला ते सगळ्यांना ठाऊक असतं.

खरी परीक्षा एरवी. पेशंट एक, खाटेभोवती नातेवाईक सहा आणि नागपूरहून फोनवर सातवा. सलाईन लावली नाही तर इलाजच झाला नाही. रेफर केलं तर 'हात झटकले', ठेवून घेतलं तर 'नागपूरला नेलं असतं तर वाचला असता'. नागपूर जवळ असणं इथल्या डॉक्टरला फार महागात पडतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कामाने पिचून जाण्याला आपल्या आजारांच्या यादीत जागा दिली, पण आजार म्हणून नव्हे. मग रजेच्या अर्जात लिहायचं काय?

या डॉक्टरांचा छंद म्हणाल तर त्यांची जुनी सिस्टर. ती दारात आडवी उभी राहते आणि सातव्याचा फोन स्वतः घेते. "हो भाऊ, तुम्ही या, तुम्हीच टाके टाका." पलीकडून फोन कटतो. ती रजेवर असली की साहेबांचं बीपी वर.

यंदा त्यांनी गोटमारीची ड्युटी स्वतःहून मागून घेतली. कचेरीतला बाबू अजून शोधतोय, त्या दिवसाचा भत्ता नेमका किती निघतो म्हणून.