कँडिडा रॉयाल : दोन्ही साच्यांत न मावणारी दिग्दर्शिका

पॉर्न चित्रपटांत काम केलेली स्त्री इतिहासलेखनात आलीच, तर एक तर बळी म्हणून येते किंवा बंडखोर म्हणून. अमेरिकेतील कँडिडा रॉयाल हिची कारकीर्द या दोन्ही साच्यांत मावत नाही. म्हणूनच ती गांभीर्याने अभ्यासली पाहिजे.

१९५० साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या या मुलीचे मूळ नाव कँडिस वडाला. सत्तरच्या दशकात ती सॅन फ्रान्सिस्कोला गेली. गाणे आणि प्रायोगिक रंगभूमी यांवर पोट भरेना. १९७५ ते १९८० या काळात तिने सुमारे पंचवीस पॉर्न चित्रपटांत भूमिका केल्या आणि मग ते काम सोडले. आपण हे का केले, याचा उलगडा करण्यासाठी तिने समुपदेशकाची मदत घेतली. तिचा निष्कर्ष असा, की पडद्यावर कामक्रीडा दाखवण्यात मूलतः गैर काही नाही; गैर आहे ते त्यात स्त्रीच्या इच्छेला कुठेच जागा नसणे.

या निष्कर्षातून १९८४ साली ‘फेम प्रॉडक्शन्स’ ही संस्था उभी राहिली. तिच्या चित्रपटांत प्रसंगाचा शेवट पुरुषाच्या तृप्तीवरच व्हावा, हा त्या धंद्याचा अलिखित नियम मोडला गेला. पण केवळ दृष्टी बदलून भागले नसते. असे चित्रपट पाहायला पूर्वी टाइम्स स्क्वेअरसारख्या वस्तीतील चित्रगृहांत जावे लागे, आणि तो वावर पुरुषांचा. व्हिडिओ कॅसेटने चित्रपट घरात आणला आणि स्त्री प्रथमच मोठ्या संख्येने ग्राहक होऊ शकली. व्हीसीआर वगळून रॉयालचा इतिहास सांगणे म्हणजे छापखाना वगळून वृत्तपत्रांचा इतिहास सांगणे होय!

काळ मात्र अनुकूल नव्हता. १९७९ पासून न्यूयॉर्कमध्येच ‘विमेन अगेन्स्ट पोर्नोग्राफी’ ही संघटना काम करत होती. अँड्रिया ड्वर्किन आणि कॅथरिन मॅककिनन यांनी पॉर्न हा स्त्रियांच्या नागरी हक्कांचा भंग ठरवणारा मसुदा रचला. १९८४ साली इंडियानापोलिस शहराने तो स्वीकारला, पण पुढे न्यायालयांनी घटनाबाह्य ठरवला. १९८६ साली मीस आयोगाचा अहवाल आला. स्त्रीवादी आणि सनातनी एकाच बाजूला उभे राहिल्याचे हे विलक्षण दृश्य होते. रॉयाल स्वतःला स्त्रीवादी म्हणवीत दुसऱ्या बाजूला उभी होती.

तिच्या चाहत्यांना एक गोष्ट रुचत नाही : ती व्यापारीही होती. ‘स्त्रीची दृष्टी’ ही तिची श्रद्धा होती, तशीच तिच्या कॅसेटची ओळखही. पुढे तिने स्त्रियांसाठी व्हायब्रेटरही बाजारात आणले. यात विसंगती शोधणाऱ्यांनी मालकीचा मुद्दा लक्षात घ्यावा. अभिनेत्रीच्या हाती चित्रणाच्या दिवसाचे मानधन पडते; चित्रपट वर्षानुवर्षे विकला जातो, त्यात तिचा वाटा नसतो. रॉयाल निर्माती झाली, तेव्हा तिने कॅमेऱ्याची जागा आणि मिळकतीची दिशा दोन्ही बदलली. यांपैकी दुसरा बदल फारसा चर्चिला जात नाही.

२०१५ साली तिचे कर्करोगाने निधन झाले. लहानपणापासून लिहिलेल्या रोजनिश्या आणि पत्रे हार्वर्डच्या श्लेसिंगर ग्रंथालयात पोहोचली. त्यांच्या आधारे इतिहासकार जेन कॅमेन्स्की यांनी लिहिलेले चरित्र २०२४ साली आले. ड्वर्किन आणि ‘विमेन अगेन्स्ट पोर्नोग्राफी’ यांची कागदपत्रेही त्याच ग्रंथालयात आहेत.