पावती की मत?

समीक्षेत 'प्रातिनिधिक' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. एखाद्याला त्याच्या पिढीचा प्रातिनिधिक कवी म्हणताना त्या पिढीला कोणी विचारलेले नसते, आणि त्यावाचून कोणाचे अडतही नाही. हाच शब्द कायद्यात येतो तेव्हा मात्र त्याच्यामागे माणसांचा पगार, बोनस आणि नोकरी उभी असते. मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, 1946 यात 'प्रातिनिधिक युनियन' अशी संज्ञा आहे. नारायण सुर्वे किंवा जयंत पवार यांच्या निमित्ताने आम्ही वर्गात गिरणगावाविषयी पुष्कळ बोलतो, पण या संज्ञेपाशी थांबत नाही. थांबल्याखेरीज 1982 चा संप नीट उलगडत नाही, असे आम्हांला वाटते.

या कायद्याने कामगारांना त्यांचा प्रतिनिधी कोण, असे थेट विचारलेच नाही. त्याने सदस्य मोजले. एका स्थानिक क्षेत्रातल्या एका उद्योगात जेवढे कामगार असतील, त्यांपैकी किमान 25 टक्के ज्या युनियनचे सलग तीन महिने सदस्य असतील, ती प्रातिनिधिक युनियन म्हणून नोंदली जाण्यास पात्र. सदस्य म्हणजे वर्गणी भरणारा; वर्गणी फार थकली की सदस्यत्व संपले. म्हणजे कौल मतपेटीतून नव्हे, पावतीपुस्तकातून यायचा. आणि एकदा नोंदणी झाली की उरलेल्या 75 टक्क्यांच्या वतीनेही तीच युनियन बोलणार. 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने हे अधिकच पक्के केले. प्रातिनिधिक युनियन खटल्यात हजर झाली की वैयक्तिक कामगाराला स्वतःची बाजू मांडायला उभे राहता येत नाही, मग युनियनच्या हेतूंविषयी त्याची कितीही तक्रार असो. प्रतिनिधी मूळ माणसालाच गप्प करू शकतो, हा अर्थ आपल्या कोणत्याही समीक्षाकोशात सापडणार नाही.

याची बीजे जुनी आहेत. 1938 च्या मुंबई औद्योगिक विवाद विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदेमंडळात कडाडून विरोध केला होता, आणि 7 नोव्हेंबर 1938 रोजी त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप घडवला. मुख्य आक्षेप संपाच्या हक्कावरील बंधनांना होता. पण कोणती युनियन खरी हे सरकारने ठरवावे का, हा प्रश्नही त्यातच गुंतलेला होता.

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. कायद्याच्या लेखी त्यांची प्रातिनिधिक युनियन होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. त्यामुळे सामंतांशी बोलायला आम्ही बांधील नाही, असे मालक निर्धास्तपणे म्हणू शकत होते. हा कायदा रद्द करा, ही मागणी संपाच्या मागण्यांत होती ती याच कारणाने. संघाची जागा घ्यायची तर दुसऱ्या युनियनला एखाददुसऱ्या गिरणीत बहुमत असून भागणार नव्हते. सगळ्या शहरातल्या गिरणी कामगारांच्या चौथ्या हिश्शाची, म्हणजे साठ हजारांहून अधिक माणसांची सलग सदस्यता कागदावर दाखवायला हवी होती. ज्याच्या घरी पगार येणेच बंद झाले आहे त्याच्या निष्ठेचा पुरावा म्हणून वर्गणीची पावती मागायची, यातली क्रूर विसंगती आम्हांला कोणत्याही शोकांतिकेपेक्षा कमी वाटत नाही. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही. संघाची नोंदणी कायम राहिली.

आमच्या साहित्याने यातले काय पाहिले? मामा वरेरकरांनी 'धावता धोटा'त गिरणी पाहिली, भाऊ पाध्ये 'डोंबाऱ्याचा खेळ'मध्ये कामगार चळवळीच्या आतल्या राजकारणापर्यंत गेले, पवारांच्या 'अधांतर'ने संपानंतरचे घर दाखवले. मोर्चा, उपासमार, फुटलेली कुटुंबे हे सगळे आले. निबंधकाच्या कचेरीत पावत्या मोजणारा कारकून मात्र आमच्या वाचनात कुठे आला नाही. (मराठी कादंबरीला कचेरीचे वावडे आहे असेही नाही, कारकुनी जीवनावर आपल्याकडे भरपूर लिहिले गेले आहे.)

महाराष्ट्राचा 1971 चा कामगार संघटनांना मान्यता देण्याचा कायदाही सदस्यसंख्येचाच. तिथे 30 टक्के सदस्यता सहा महिन्यांची लागते. 1990 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की या कायद्याखाली गुप्त मतदान घेऊन मान्यता देता येत नाही, दोन्ही पक्षांची संमती असली तरी. यामागचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. मत एका दिवसाचे असते, त्या दिवशीच्या भाषणाने फिरते. वर्गणी महिन्यामागून महिना खिशातून जाते. युनियन चालवायला दुसऱ्या प्रकारची निष्ठा लागते, हे आम्ही मान्य करतो. पण पावती उघड असते. ती कोणी कोणाकडे फाडली हे मुकादमाला कळते, मालकाला कळते. मत गुप्त राहू शकते, आणि भिणाऱ्या माणसाच्या दृष्टीने सगळा फरक तेवढाच आहे. रेल्वेने 2007 साली गुप्त मतदानाने युनियनांना मान्यता दिली, 2013 व डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा मतदान घेतले. लाखो कर्मचाऱ्यांनी मते दिली आणि गाड्या धावत राहिल्या.

21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत 'वाटाघाटी करणारी युनियन' अशी नवी संज्ञा आली आहे. आस्थापनेत एकाहून अधिक युनियन असतील तर हजेरीपटावरच्या 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेलीला तो दर्जा. तसा कोणालाच नसेल तर किमान 20 टक्के पाठिंबा असलेल्या युनियनांची मिळून परिषद. पाठिंबा कसा पडताळायचा हे संहितेने नियमांवर सोपवले आहे. चौथ्या हिश्शावरून निम्म्याच्या वर जाणे ही सुधारणाच, यात शंका नाही.

पण आमची नजर अडते ती 'हजेरीपट' या शब्दावर. कंत्राटी कामगार त्याच यंत्रावर, त्याच पाळीत उभा असतो, आणि त्याचे नाव ठेकेदाराच्या हजेरीपटावर असते. कारखान्यातला 51 टक्क्यांचा हिशेब सुरू होण्याआधीच तो बेरजेतून वगळला जाण्याची ही वाट आहे. आम्हां शिक्षकांना हे परके वाटू नये. 1988 साली गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक हे औद्योगिक विवाद कायद्यातले 'कामगार' नाहीत असा निर्णय दिला. आज महाविद्यालयांतून तासिका तत्त्वावर शिकवणारे आमचे तरुण सहकारी स्टाफरूममध्ये आमच्याशेजारीच बसतात, परीक्षेचे पेपर आमच्याइतकेच तपासतात. त्यांच्या वतीने कोण बोलते, हे त्यांना आजवर कोणी विचारलेले आम्ही पाहिलेले नाही. आमच्या प्राध्यापक संघटनांनीही नाही.