गव्हाचा भाव आणि परळची पोळी



गव्हाला चार पैसे जास्त मागितले की आपल्याला एक ठरलेले उत्तर मिळते. "तुमचा भाव वाढवून दिला तर मुंबईच्या गरिबाने खायचे काय?" हे उत्तर ऐकून आपला शेतकरी गप्प बसतो. गरिबाच्या तोंडचा घास काढावा असे त्याच्या मनात कधीच नसते. काही जण मात्र गप्प न बसता मुंबईलाच शिव्या देतात, ऐतखाऊंची नगरी म्हणून. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत असे माझे मत आहे, आणि आज ते जरा विस्ताराने सांगणार आहे.

आधी हा मुंबईचा गरीब कोण ते पाहू. परळ, लालबाग, काळाचौकी, शिवडी, डिलाईल रोड या भागाला गिरणगाव म्हणत. तिथल्या चाळींत राहणारी माणसे आली कुठून? रत्नागिरी-सिंधुदुर्गातून आली, सातारा, सांगली, कोल्हापूर, पुण्याच्या घाटमाथ्यावरून आली. थोरला भाऊ गावी नांगर धरून आणि धाकटा मुंबईत साच्यावर, अशी घरे आपल्याकडे किती होती! मनीऑर्डर गावी यायची आणि गावचे तांदूळ, कुळीथ मुंबईला जायचे. शेतकरी आणि मुंबईकर असे दोन पक्ष सरकारी कागदावर पडले. घरात ते एकच होते.

ही माणसे मुळात गहू खाणारी नव्हेत. कोकणातला भाताचा, घाटावरचा ज्वारी-बाजरीचा. पोळी सणावाराची. गव्हाशी रोजची गाठ पडली ती रेशनमुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४३ च्या मे महिन्यात मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले, आणि दुकानात जे मिळेल ते शिजवायचे अशी वेळ आली. पुढे १९५६ पासून अमेरिकेचा पी. एल. ४८० चा गहू बोटींनी बंदरात उतरू लागला. १९६६ साली तर देशाने एक कोटी टनांच्या आसपास धान्य बाहेरून आणले. तो लाल गहू ज्यांनी खाल्ला ते त्याच्या पोळीचे वर्णन अजून करतात. ते इथे छापण्यासारखे नाही.

या परावलंबनातूनच हमीभाव जन्मला. १९६५ साली भारतीय अन्न महामंडळ निघाले आणि त्याच वर्षी कृषिमूल्य आयोग. आयोगाचे पहिले अध्यक्ष प्रा. एम. एल. दांतवाला मुंबई विद्यापीठातले, म्हणजे पिकाच्या भावाचा विचार करणारी पहिली डोकी मुंबईचीच. १९६६-६७ साठी गव्हाला क्विंटलमागे ५४ रुपये भाव ठरला. त्याच सुमारास मेक्सिकोहून १८ हजार टन बुटक्या गव्हाचे बियाणे आले. त्या काळात दिल्लीत शेतीखात्याचे राज्यमंत्रिपद आपल्या नगर जिल्ह्याचे अण्णासाहेब शिंदे सांभाळत होते. गहू पिकला, बोटी थांबल्या. मात्र 'गहू स्वस्त ठेवा' हा आग्रह थांबला नाही. तो कुणाचा होता, हे नीट पाहिले पाहिजे.

गिरणी कामगाराच्या पगाराचे दोन भाग असत, मूळ पगार आणि महागाई भत्ता. भत्ता मुंबईच्या राहणीखर्चाच्या निर्देशांकाला बांधलेला होता. निर्देशांक म्हणजे काय, तर कामगाराच्या घरी लागणारे धान्य, तेल, कापड, भाडे यांचे भाव घेऊन काढलेला आकडा. त्यात सर्वांत मोठा वाटा अन्नाचा. धान्य महागले की निर्देशांक चढे आणि मालकाला भत्ता वाढवून द्यावा लागे. धान्य स्वस्त राहिले की भत्ताही जागच्या जागी. म्हणजे स्वस्त गव्हाचा एक घास कामगाराच्या पोटात गेला हे खरे, पण त्याच गव्हाने मालकाची मजुरीही स्वस्त ठेवली. घाम मात्र गव्हाच्या वाफ्यात दारे धरणाऱ्याचा.

आणि हा आकडा तरी बरोबर होता का? मुंबईचा निर्देशांक खऱ्या महागाईपेक्षा कमी दाखवला जातो अशी कामगारांची ओरड होती. १९६३ साली महाराष्ट्र सरकारने प्रा. डी. टी. लकडावाला यांची समिती नेमली आणि ती तक्रार खरी निघाली. शेतकऱ्याचा उत्पादनखर्च कागदावर कमी दिसतो आणि कामगाराची महागाईही कागदावर कमी दिसते. दोघांची दुखणी इतकी सारखी असून दोघे एका ओट्यावर क्वचितच बसले.

आता खानावळीचे सांगतो, कारण आपल्या घरातल्या बायांना हे चटकन कळेल. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया होत्या. एका खोलीत संसार, त्यातच दहा-पंधरा जणांचा दोन वेळचा स्वयंपाक. कामगार पैसे देई महिन्याच्या पगाराला. मग महिनाभर पीठ, डाळ, तेल आणायचे कशाने? वाण्याकडून उधारीवर. उधारीचा माल वाण्याच्या भावाने आणि वाण्याच्या मापाने, वर व्याज. रेशनचा स्वस्त गहू कार्डावर माणसे असतील तेवढाच. जेवणाऱ्या पंधरांचा शिधा खुल्या बाजारातूनच घ्यायचा. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायांची संघटना बांधली, अन्नपूर्णा महिला मंडळ, आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कुठे वाण्याचा फास सैल झाला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा गिऱ्हाईकच गावी गेले आणि या चुली थंडावल्या, ती गोष्ट वेगळी.

आपला गहू बाजार समितीत लिलावात निघतो तो पडत्या भावाने, कारण हातात पैसा नसतो. परळची बाई तोच गहू घेते चढ्या भावाने, कारण तिच्याही हातात पैसा नसतो. मधला फरक ज्याच्याकडे रोकड आहे त्याचा. भाववाढीविरुद्ध १९७२ पासून मुंबईच्या बाया रस्त्यावर उतरल्या त्या याच रागाने. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी या पुढाऱ्या वेगवेगळ्या पक्षांच्या, पण महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीत एकत्र आल्या. हातात लाटणे, थाळ्यांचा नाद. त्यांचे भांडण साठेबाजाशी आणि रिकाम्या रेशन दुकानाशी होते. 'शेतकऱ्याचा भाव पाडा' हा त्या मोर्च्यांचा रोख नव्हता, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नसते.

याच सुमारास सरकारने एक अचाट प्रयोग केला. १९७३ च्या एप्रिलात गव्हाचा घाऊक व्यापार सरकारने स्वतःकडे घेतला आणि खरेदीचा भाव ठेवला क्विंटलला ७६ रुपये. आदल्या वर्षीचा दुष्काळ, बाजारात टंचाई, आणि भाव हा असा! शेतकऱ्याने गहू सरकारी काट्यावर आणलाच नाही. व्यापाऱ्याला हटवण्याचा हेतू कदाचित चांगलाही असेल. पण पिकवणाऱ्याचा खर्च भागेना तर माल येणार कुठून? १९७४ च्या मार्चात प्रयोग गुंडाळला आणि खरेदीचा भाव १०५ रुपये केला. शहाणपण आले, पण मध्ये शेतकरी आणि रेशनच्या रांगेतली बाई, दोघेही भरडले गेले.

गिरण्या गेल्या, भोंगे थांबले, परळला काचेचे टॉवर उभे राहिले. ते उत्तर मात्र तसेच राहिले, "मुंबईच्या गरिबाने खायचे काय?"

२०२२ चे पाहा. फेब्रुवारीत युक्रेनचे युद्ध सुरू झाले आणि जगात गहू महागला. कधी नव्हे तो व्यापारी हमीभावापेक्षा जास्त भावाने खळ्यावर येऊ लागला. हमीभाव त्या हंगामाला २०१५ रुपये होता. मार्चच्या उन्हाने दाणा बारीक पडला होता, पण भाव बरा म्हणून तोटा भरून निघेल असे वाटत होते. १२ मे ला सरकारने सांगितले की निर्यात वाढवण्यासाठी परदेशांत शिष्टमंडळे पाठवणार. १३ मे ला निर्यातबंदी! एका दिवसात. कारण दिले ते देशातल्या महागाईचे.

त्या महागाईचे आकडे तपासून पाहू. ७ मे २०२२ रोजी सरकारच्याच नोंदीप्रमाणे गव्हाच्या पिठाचा किरकोळ भाव मुंबईत किलोला ४९ रुपये होता. त्याच दिवशी चेन्नईत ३४, कलकत्त्यात २९ आणि दिल्लीत २७. आता मला सांगा, शेतकऱ्याच्या भावामुळे पीठ महागले असेल तर चेन्नई सर्वांत महाग हवी. तिच्या आसपास गहू पिकतच नाही. मुंबईला तर मध्य प्रदेश, गुजरात, राजस्थान जवळ. मुंबईकर निवडक लोकवन, सिहोरी मागतो, जागेचे भाडे जबर आहे, हमाली-वाहतूक आहे, हे सगळे मान्य. पण हमीभावाचे वीस रुपये आणि गिऱ्हाइकाचे एकोणपन्नास, यांतले एकोणतीस रुपये शेतकऱ्याने खाल्ले नाहीत एवढे तर खरे? मग बंदी मात्र त्याच्या वीस-बावीस रुपयांवर का?

दुसऱ्या वर्षी आणखी वाईट झाले. जानेवारी २०२३ अखेर सरकारने गोदामातला ३० लाख टन गहू खुल्या बाजारात काढायचे ठरवले. फेब्रुवारीत त्याची राखीव किंमत उतरवत २१५० रुपयांवर आणली, नवा गहू खळ्यावर यायच्या तोंडावर. ऐन सुगीत भाव कोसळले. त्या जूनमध्ये व्यापाऱ्यांवर साठ्याची मर्यादा आली, मग तोही हात आखडून घेऊ लागला. नोव्हेंबरात 'भारत आटा' निघाला, साडेसत्तावीस रुपये किलो. या शेवटच्या गोष्टीवर मात्र माझा राग नाही. गरिबाला पीठ स्वस्त द्यायचे तर असेच द्यावे, सरकारने आपल्या खिशातून. १ जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षेच्या कार्डावर धान्य फुकट दिले तेही तिजोरीतून. तिथे शेतकऱ्याचे नाव खर्ची पडत नाही. शेतकऱ्याचा भाव पाडून केलेल्या स्वस्ताईचा खर्च मात्र कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणून ती सगळ्यांना सोयीची.

मुंबईच्या माणसाला हे कळत नाही असे समजू नका. मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा मोर्चा नाशिकहून पायी निघाला. ११ तारखेला तो शीवच्या सोमय्या मैदानावर पोचला. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. मुलांना गाड्या अडल्याने त्रास नको म्हणून दिवसभर चाललेली ती माणसे रात्रीच पुन्हा उठली आणि मध्य मुंबईतून चालत पहाटे आझाद मैदानावर गेली. वाटेत लोकांनी पाणी, बिस्किटे, जेवण दिले. सोललेले पाय पाहून चपला दिल्या.

आता हमीभावाकडे येतो. १ ऑक्टोबर २०२५ ला सरकारने २०२६-२७ च्या हंगामासाठी गव्हाचा भाव २५८५ रुपये जाहीर केला, खर्च १२३९ धरून. म्हणजे दुपटीहून जास्त, असे सांगितले गेले. हा १२३९ देशाच्या सरासरीचा, आणि सरासरीत पंजाब-हरियाणाचे भरघोस उत्पन्न मोठा वाटा घेऊन बसलेले. जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याजही त्यात पूर्ण येत नाही; खर्चाच्या दीडपट भाव द्या असे स्वामीनाथन आयोगाने २००६ सालीच सांगून ठेवले आहे. हिशोबापुरते धरा, पंजाबात एकरी अठरा हजार खर्च आणि एकोणीस क्विंटल गहू, तर क्विंटलला साडेनऊशेच्या आत. आपल्याकडे कमी पाण्यावर एकरी चौदाच हजार धरा आणि गहू सात क्विंटल, तर क्विंटलला दोन हजार. त्याला दुप्पट कुठे मिळाले? निफाडच्या केंद्राने त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती, फुले समाधान असे चांगले वाण दिले, पण पाऊस आणि थंडी वाणात मिळत नाही.

त्यातून हा भावही बहुतेकांना कागदावरच. सरकारी खरेदी पंजाब, हरियाणा, मध्य प्रदेशात होते. महाराष्ट्रात गव्हाची खरेदी नावालाही नसते म्हटले तरी चालेल.

तेव्हा ग्रामसभेत किंवा सोसायटीत ठराव करणार असाल तर 'भाव वाढवा' एवढेच लिहू नका. आपल्या राज्याचा खर्च वेगळा दाखवा आणि खंड-व्याज धरून दाखवा, हे लिहा. नाशिक, नगर, जळगाव, छत्रपती संभाजीनगर, परभणी या गव्हाच्या जिल्ह्यांत मार्च ते मे खरेदी केंद्र उघडावे, हे लिहा. सुगीच्या त्या तीन महिन्यांत सरकारी गोदामातला गहू खुल्या बाजारात काढू नये, आणि निर्यातीचा निर्णय पेरणीच्या आधी सांगावा, मध्येच फिरवू नये, हेही लिहा. आणि पुढे एक ओळ जरूर घाला: रेशनचा गहू कमी करावा अशी आमची मागणी नाही. ती ओळ असली म्हणजे ते ठरलेले उत्तर आपल्या तोंडावर फेकता येणार नाही.

जाता जाता बचत गटाच्या बायांसाठी. गिरगाव-दादरकडे उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरून ठेवणारी घरे अजून आहेत. त्यांना चाळलेला, निवडलेला, खडा नसलेला गहू लागतो आणि पोती लहान लागतात, कारण जिना चढवायचा असतो. गावचे कुणी तिकडच्या चाळीत किंवा सोसायटीत असेल तर त्याच्या ओळखीने आधी पाच किलोचा नमुना पाठवा, पोळी करून पाहू द्या, आणि मगच गाडीचे ठरवा.