दोन भाषांच्या दोन उतरंडी : ग्रीक आणि जावी

ग्रीक आणि जावी या भाषांची नावे एका दमात घेण्याचे कारण काय, असे वाचक विचारतील. एक भूमध्य समुद्राकाठची, दुसरी जावा बेटावरची. ग्रीक ही संस्कृत-पालीच्या, म्हणून मराठीच्याही कुळातली. तिचे 'हेप्टा' आणि 'डेका' हे आपल्या 'सप्त' आणि 'दश' यांची भावंडे होत. जावीत सातला 'पितु' आणि दहाला 'सपुलुह' म्हणतात. तिचे कूळच वेगळे. रक्ताचे नाते ग्रीकशी, पण सहवासाचे नाते मात्र जावीशी अधिक. जुन्या जावी भाषेचा झुटमुल्डर यांनी 1982 साली प्रसिद्ध केलेला कोश उघडला, तर त्यातील जवळजवळ निम्मे शब्द संस्कृतातून गेलेले दिसतात. जावी लिपी पल्लव लिपीमार्गे ब्राह्मीपासून आलेली आहे. बोरोबुदुरच्या झाकल्या गेलेल्या पायथ्यावर शिल्पकारांसाठी कोरलेल्या त्रोटक सूचना त्याच लिपीत, पण संस्कृत शब्दांत आहेत. ग्रीकांशी आपला संबंधही निव्वळ पुस्तकी नव्हे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर धेनुकाकटाच्या यवन दात्यांची नावे आजही वाचता येतात. सम्राट अशोकाने कंदाहार येथे ग्रीक वाचणाऱ्यांसाठी ग्रीकमध्येच लेख कोरविला आणि 'धम्म' या शब्दासाठी त्यांच्याच भाषेतील 'युसेबिया' हा शब्द योजला. आधी मागधी शिकून या, असे त्याने त्यांना सांगितले नाही.

आम्हांस येथे तुलना करावयाची आहे ती शब्दांच्या मुळांची नव्हे, तर एका दुखण्याची. दोन्ही भाषांत शब्दांची उतरंड रचली गेली, आणि त्या उतरंडीत माणसेही वर-खाली बसविली गेली.

ग्रीकची उतरंड काळाची होती. अदामान्तिओस कोराईस (1748–1833) या विद्वानाला वाटले की, तुर्की अमलातून बाहेर पडू पाहणाऱ्या ग्रीकांची बोली परकीय शब्दांनी मळली आहे. ती धुऊन प्राचीन भाषेच्या जवळ न्यावी. हेतू वाईट नव्हता. त्यातून 'काथारेवुसा', म्हणजे शुद्ध केलेली भाषा, वाढली आणि शासन, न्यायालय, विद्यापीठ यांची भाषा झाली. घरात भाकरीला 'प्सोमी', कागदावर 'आर्तोस'. घरात मासा 'प्सारी', कागदावर 'इख्थिस'. घराला घरात 'स्पिती' म्हणावे, अर्जात मात्र 'ईकिया'. शेतकऱ्याचा मुलगा शाळेत गेला की आईने शिकविलेला प्रत्येक दुसरा शब्द चुकीचा ठरे. 1901 साली आलेक्झांद्रोस पाल्लिस यांनी बोलीत केलेले शुभवर्तमानाचे भाषांतर 'आक्रोपोलिस' या वृत्तपत्रात येऊ लागले, तेव्हा अथेन्समध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि आठ माणसे प्राणांस मुकली. पंतप्रधानांना आणि अथेन्सच्या धर्मप्रमुखांना पद सोडावे लागले. लोकांना समजेल असे लिहिले, एवढाच तो अपराध! भगवान बुद्धांना आपली वचने छंदस् भाषेत घालावीत असे दोघा भिक्षूंनी सुचविले असता त्यांनी ते नाकारले, ही विनयपिटकातील कथा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या भांडणाचे वय किती जुने आहे हे सांगावयास नको.

जावीची उतरंड काळाची नव्हे, माणसामाणसांमधली. मराठीत 'तू', 'तुम्ही', 'आपण' एवढ्या तीन पायऱ्या, आणि क्रियापद त्यांच्यामागून चालते. जावीत सगळे शब्दच बदलतात. 'खाणे' हे बरोबरीच्या किंवा खालच्या माणसाशी 'न्गोको' पातळीवर 'मांगान', आदराच्या 'क्रामा' पातळीवर 'नेधा', आणि थोरामोठ्यांच्या खाण्याविषयी 'धाहार'. 'झोपणे'ही असेच : 'तुरु', 'तिलेम', 'सारे'. स्वतःच्या खाण्याला 'धाहार' म्हणणे हा हास्यास्पद गुन्हा. क्रामामधील 'मी', म्हणजे 'कुला', हा सेवक या अर्थाच्या शब्दापासून आलेला. आणि 'तुम्ही' या अर्थी येणाऱ्या 'सांपेयान' या शब्दाचा मूळ अर्थ पाय. तोंड उघडताच एक सेवक होतो आणि दुसऱ्याचे पाय होतात. (आपल्याकडे 'श्रीचरणी' लिहिणाऱ्यांनी फार हसू नये.) हे सारे अनादी नाही. जुन्या जावी काव्यांत ही रचना अशा रूपात आढळत नाही. मतराम राजवटीच्या काळात दरबाराच्या सावलीत ती पक्की होत गेली.

जेपाराच्या सरदारघराण्यातील कार्तिनी (1879–1904) हिने आपल्या पत्रांत लिहून ठेवले आहे की, धाकट्या भावंडांनी थोरल्यांसमोर रांगत जावे आणि उच्च जावीतच बोलावे अशी रीत होती. तिने व तिच्या बहिणींनी ती आपसांत मोडली. ब्लोरा परगण्यातील सामिन पंथाचे शेतकरी त्याहून पुढे गेले. वसाहतीच्या अंमलदारांसमोरही ते साधी न्गोकोच बोलत. ना शस्त्र, ना घोषणा. केवळ सर्वनाम बदलले, आणि अंमलदारांना त्यात बंड दिसले. त्यांना ते बरोबरच दिसले, असे आम्ही म्हणू.

1917 हे वर्ष या दृष्टीने मोठे विलक्षण. त्या वर्षी ग्रीसमध्ये व्हेनिझेलोस यांच्या शासनाने प्राथमिक शाळेच्या पहिल्या इयत्तांत बोलभाषा आणली. त्याच वर्षी सुराबायात 'जावा दीपा' चळवळ उभी राहिली. सर्वांनी सर्वांशी न्गोकोतच बोलावे, अशी तिची मागणी होती. पुढे मात्र वाटा फुटल्या. ग्रीसमध्ये बोलभाषा पुढे सरे, मागे रेटली जाई. 1967 ते 1974 च्या लष्करी राजवटीने काथारेवुसा पुन्हा शाळांवर लादली. राजवट कोसळली आणि 1976 साली कायद्याने बोलभाषा शिक्षणाची भाषा झाली. जावात असा कायदा झालाच नाही. जावा दीपाला यश आले नाही. तरुणांनी पायऱ्या मोडण्याऐवजी वाडाच सोडला. 1928 च्या युवक परिषदेत ऐक्याची भाषा म्हणून मलयवर आधारलेली इंडोनेशियन स्वीकारली गेली. जावी बोलणारे त्या द्वीपसमूहातील सर्वांत मोठा समूह असूनही त्यांनी आपली भाषा पुढे केली नाही. ब्लोराचेच प्रामुद्या अनन्त तूर यांनी आपल्या कादंबऱ्या इंडोनेशियनमध्ये लिहिल्या. त्यांतील मिंके हा शिकलेला तरुण अधिपतीपुढे रांगत जातो तेव्हा त्याच्या मनात जी आग पेटते, ती याच उतरंडीची. आज सुमारे सव्वा कोटी लोकांची ग्रीक एका राष्ट्राची भाषा आहे, आणि आठ कोटींच्या आसपास लोकांची जावी घराची.

क्रामा ही केवळ गुलामीची भाषा, असे काही जण म्हणतात. आम्हांस ते पटत नाही. दोन अनोळखी माणसे एकमेकांशी क्रामात बोलतात, तेव्हा तिच्यात मार्दव असते, सौंदर्य असते. खोट शब्दांत नसून ते एकाच दिशेने वाहतात, यात आहे. वरचा न्गोकोत विचारतो आणि खालचा क्रामात उत्तर देतो. उलट कधी होत नाही. आमच्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. ज्यांच्या आजोबांनी सत्तरीतही गावच्या पोराकडून 'अरे' ऐकले आणि त्याच पोराला 'मालक' म्हटले, त्यांना जावा दूर नाही. 'जोहार' घातला जाई, त्याला 'जोहार'ने उत्तर मिळत नसे. 'जयभीम'ला मात्र 'जयभीम' हेच उत्तर आहे. ज्या नमस्काराचे उत्तर त्याच शब्दांत येते, तो आम्ही भाषेतील मोठी सुधारणा समजतो. मग त्यासाठी व्याकरणाचा एकही नियम बदलावा लागला नाही तरी चालेल.

भीतीचाही हिशेब मांडला पाहिजे. पुष्कळ जावी तरुण आज वडीलधाऱ्यांशी इंडोनेशियनमध्ये बोलतात. क्रामाचा शब्द चुकला तर अपमान होईल, त्यापेक्षा जिथे पायऱ्या नाहीत ती भाषा बरी. म्हणजे आदर राखण्यासाठी उभारलेली रचना आता आदर राखण्यासाठीच टाळली जाते. ग्रीसमध्ये निदान मूल आपल्याच भाषेत राहिले. म्हणून निवासी शाळेत वेगवेगळ्या बोली घेऊन आलेल्या मुलाचा पहिला शब्द 'अशुद्ध' म्हणून खोडणाऱ्या शिक्षकाने ही दोन्ही उदाहरणे डोळ्यांसमोर ठेवावीत, असे आम्हांस वाटते.

जावातील शाळांत जावी हा विषय आजही शिकविला जातो. आम्हांस मात्र तेथील घरांतली एक जुनी पद्धत अधिक मोलाची वाटते. लहान मुलाला क्रामा यावी म्हणून आई-वडील स्वतः त्याच्याशी क्रामा शब्दांत बोलतात, त्याच्या वतीनेही त्याच शब्दांत उत्तर देतात. दोन वर्षांच्या पोराला आदराचा शब्द आधी ऐकू येतो. तो त्याच्याकडून मागितला जातो, ते त्यानंतर.