गेमिंगच्या लॅपटॉपला कुठलं लिनक्स?



ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि आमच्या घरी वादाला तोंड फुटलं. चिरंजीवांचा (वय १२) लॅपटॉप म्हणजे माझाच २०१७ चा जुना. इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर, एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० कार्ड. विंडोज ११ च्या यादीत हा प्रोसेसर नाही. युरोपातल्या घरगुती वापरासाठी अपडेट्सची मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंत फुकट वाढवली, पण ती तात्पुरतीच. सौ. म्हणाली, वेर्टश्टॉफहोफला देऊन टाका. चालता लॅपटॉप कचऱ्यात? आपल्या संस्कारात बसत नाही. म्हटलं, लिनक्स टाकतो!

पण कुठलं? ऑफिसात चार जणांनी सहा नावं सांगितली. बहुतेकांचं मत, गेमिंग म्हणजे आर्च, कारण स्टीम डेकचं स्टीमओएस त्यावरच बेतलंय. मला हे पटत नाही. विंडोजचे गेम लिनक्सवर चालवायचं खरं काम व्हॅल्वने २०१८ साली आणलेलं प्रोटॉन करतं, आणि ते स्टीमबरोबर कुठल्याही डिस्ट्रोवर मिळतं. फरक पडतो तो ड्रायव्हरने.

१०५० हे पास्कल पिढीचं कार्ड. त्या पिढीसाठी ५८० ही एनव्हिडियाची शेवटची ड्रायव्हर मालिका. ५९० मधून ही कार्डं वगळली. डिसेंबर २०२५ मध्ये आर्चने मुख्य पॅकेज ५९० वर नेलं, तेव्हा जुन्या कार्डवाल्यांना ते काढून ५८० वेगळं बसवायला लागलं. मला हे ठीक आहे हो, पण बारा वर्षांच्या पोराला?

म्हणून मी मिंट २२ घेतलं. उबुंटू २४.०४ वर बेतलेलं, सपोर्ट २०२९ पर्यंत. ड्रायव्हर मॅनेजर उघडायचा, ५८० वर टिचकी मारायची, रीस्टार्ट. झालं. ज्यांचं कार्ड अगदी नवं आहे त्यांना कर्नलही नवा लागतो. त्यांनी फेडोरा किंवा त्यावर बेतलेलं बॅझाइट बघावं.

खरी गोची पुढेच होती. त्याच्या वर्गातली सगळी मुलं फोर्टनाइट खेळतात आणि ते लिनक्सवर चालत नाही. त्यातलं ईझी अँटी-चीट लिनक्सवर चालू शकतं, पण गेमवाल्यांनी तशी सोय द्यायला हवी, ती दिलेली नाही. व्हॅलोरंटही चालत नाही. एपेक्स लेजंड्स चालायचं, तर त्यांनी २०२४ मध्ये लिनक्सचं दार बंद केलं. यावर कुठलीही डिस्ट्रो औषध नाही.

"बाबा, मग मी कोणाशी खेळू?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. इथे आते-मामे भावंडं नाहीत, हिवाळ्यात चार-साडेचारला अंधार. त्याची मैत्री त्या गेममध्येच आहे.

म्हणून माझं मत: आधी गेमची यादी करा, मग कार्ड बघा, मग पुढे दुरुस्ती कोण करणार ते ठरवा. डिस्ट्रोचं नाव सगळ्यात शेवटी. आणि यादीतला महत्त्वाचा गेम चालत नसेल तर लिनक्सचा हट्ट सोडा. आपल्या तत्त्वांची किंमत पोराने का मोजावी?

आमच्याकडे तोडगा निघाला. लॅपटॉपवर मिंट, त्यात माइनक्राफ्टचं जावा एडिशन झकास चालतं. फोर्टनाइट शनिवारी लिंडेनला मित्राकडे, त्याच्या प्लेस्टेशनवर. तो मित्र जवळ नसता तर मी मुकाट्याने नवा लॅपटॉप घेतला असता.

चूकभूल द्यावी घ्यावी.

आपला,
एक हॅनोव्हरकर