जतन कोणाचे?

जतन केलेला सरहद्दीवरचा किल्ला म्हणजे इतिहासाची निःपक्ष साक्ष, असे मत जाणकारही मांडतात. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील फोर्ट रॉबिन्सन पाहता ते टिकत नाही. १८७४ साली लष्कराने वसवलेले आणि १९४८ मध्ये सोडलेले हे ठाणे आज राज्य उद्यान आहे. (‘किल्ला’ हा शब्द येथे सैल अर्थानेच घ्यायचा, तट नाही, बुरूज नाही, मैदानाभोवती मांडलेल्या नुसत्या इमारती.)

१८८७ ची अधिकाऱ्यांची कच्च्या विटांची घरे मूळ स्वरूपात उभी आहेत आणि पर्यटकांना मुक्कामासाठी भाड्याने मिळतात. ५ सप्टेंबर १८७७ रोजी लकोटा नेता क्रेझी हॉर्स याला ज्या पहारेघरापाशी संगीन भोसकली गेली ते पहारेघर मात्र नव्याने बांधलेले. चेयेन बंदिवानांची बराकही तशीच. दक्षिणेतील सक्तीच्या वसतीतून मायभूमीकडे निघालेले डल नाइफ याचे १४९ लोक, बायकामुलांसह, तेथे कोंडले होते. परत जाण्यास त्यांनी नकार देताच ऐन जानेवारीत त्यांचे अन्न व सरपण तोडण्यात आले, पुढे पाणीही. ९ जानेवारी १८७९ च्या रात्री खिडक्यांतून उड्या टाकून ते बर्फात पळाले. सुमारे ६४ जण मारले गेले.

लाकडी बांधकाम कुजते, विटा टिकतात, हे खरे. संग्रहालय व फलक काही लपवीत नाहीत आणि भाड्याचा पैसा उद्यानाच्याच कामी येतो, हा युक्तिवादही मान्य करावा. पण अधिकाऱ्याच्या घरात रात्र काढणारा पाहुणा फलक वाचण्यापूर्वीच अधिकाऱ्याच्या ओसरीवर बसलेला असतो. मैदान त्याला तेथूनच दिसते. ‘सरहद्द’ हा शब्दही त्याच ओसरीवरचा. चेयेनांच्या लेखी ती घरची वाट होती.

वास्तूला जे साधत नाही ते मारी सँडोझ यांच्या ‘चेयेन ऑटम’ (१९५३) या ग्रंथाने साधले, कारण तो वाचकाला पळणाऱ्यांबरोबर चालवतो. जॉन फोर्ड यांच्या १९६४ च्या चित्रपटाने प्रमुख चेयेन भूमिकाही चेयेनांना दिल्या नाहीत, त्याविषयी अधिक न बोललेले बरे.

आणि जतनच म्हणायचे तर ठाण्यावर मारल्या गेलेल्यांपैकी काहींच्या कवट्याही जतन झाल्या होत्या. ‘अभ्यासासाठी’ त्या वॉशिंग्टनच्या लष्करी वैद्यकीय संग्रहालयात गेल्या, तेथून स्मिथसोनियन संस्थेत. उत्तर चेयेनांना त्या १९९३ साली परत मिळाल्या आणि त्यांनी त्या माँटाना राज्यातील आपल्या भूमीत पुरल्या.