रस थंड येईल, साहेब

भट्टीजवळ एकदाही उभे न राहता भट्टीचा खर्च कमी करता येतो, हे मी गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत शिकलो.

उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या ऑफिसात दोन महिने हिशेबाच्या कामाला होतो. मॅनेजरसाहेब पुण्याहून नुकतेच आलेले. बी. कॉम., वर व्यवस्थापनाची पदविका. म्हणजे आपल्याच जातकुळीतले. माणूस सज्जन, वेळेचा पक्का. मी केलेल्या खर्चाच्या तक्त्यात कोकचा आकडा त्यांना फुगलेला दिसला आणि दर चार्जमागे कोक कमी करण्याचा हुकूम निघाला. माझ्या तक्त्यावर निर्णय झाला म्हणून मला अभिमानच वाटला, खोटे कशाला बोलू?

मिस्त्रींना बोलावणे गेले. उभा जन्म कपोला भट्टीपुढे काढलेला माणूस, बोलणे सगळे कानडी. साहेबांना कानडी येत नाही, म्हणून दुभाषा मी. "ब्याड्री साहेब्र," मिस्त्रींनी सुरुवात केली. कोक कमी म्हणजे रस थंड. थंड रस साच्याच्या पातळ भागात पोचण्याआधीच गोठतो. दोन बाजूंनी आलेला रस एकजीव होत नाही, माल भंगारात जातो. फार तळमळीने सांगत होते. मी भाषांतर केले, "मिस्त्री म्हणतात, थोडी अडचण येईल." सगळे सांगायचे धाडस झाले नाही, आणि निम्मे मला कळलेही नव्हते.

त्या आठवड्यात कास्टिंगचा ढीग भंगारात गेला. वाचलेल्या कोकपेक्षा तो महाग पडला. दोष मिस्त्रींच्या नावावर लागला. रजिस्टरातली ती ओळ माझ्या अक्षरात आहे.

मॅनेजरला साचा भरता आलाच पाहिजे असे मी म्हणत नाही. नुसत्या इंजिनिअरच्या पदवीनेही भागत नाही. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री अमेरिकेत चॅलेंजर यानाच्या रॉकेटचे इंजिनिअर सांगत होते की, सुमारे १२ अंश सेल्सिअसखाली उड्डाण नको, थंडीत सांध्यातली रबरी कडी ताठरते. तेव्हा कंपनीचे वरिष्ठ जेरल्ड मेसन यांनी इंजिनिअरिंगचे उपाध्यक्ष बॉब लुंड यांना इंजिनिअरची टोपी काढून मॅनेजरची घालायला सांगितले. लुंड यांनी ती घातली! दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटले, सातजण गेले. पुढे चौकशी आयोगाने नोंदवले की, उड्डाणाचा निर्णय घेणाऱ्यांना ती पहिली लेखी शिफारस ठाऊकच नव्हती. कुठे ते यान आणि कुठे आमची भट्टी! पण वाटेतले दुभाषे दोन्हीकडे होते.

आणि आपण शिकतो काय? कॉस्टिंगच्या पेपरात असा ढीग 'अबनॉर्मल लॉस' खात्यावर टाकला की गुण मिळतात. तो कशाने झाला, हे विचारणारा प्रश्न मी तरी पाहिलेला नाही. उद्या आपल्यातलेच काहीजण त्या खुर्चीत बसणार आहेत. आपल्या प्राध्यापकांनी निदान दोन आठवडे तरी आम्हाला कारखान्यात, ऑफिसात नव्हे, धुळीत उभे करावे. उद्यमबाग काही परदेशात नाही.

दिवाळीत मिस्त्री बाजारात भेटले. राग नव्हता. चहा पाजला आणि सहज विचारले, "त्या दिवशी तू साहेबांना नेमके काय सांगितलेस रे?"

दोन भाषा येतात मला. एकीतही उत्तर देता आले नाही.